तेल मागणारा अश्वत्थामा: न मरणाऱ्या पात्रांच्या मनात काय चालत असेल?

सातपुडी

माझं आजोळ शहाद्याकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात खाटा टाकून झोपायचो, तेव्हा आजी अश्वत्थाम्याची गोष्ट सांगायची. कपाळावर भळभळती जखम, अंगावर घोंगडं. रात्री-अपरात्री दाराशी येतो आणि म्हणतो, "थोडं तेल मिळेल का?" दिलं की घेतो आणि चालू लागतो. दिवाळीत पहिल्या आंघोळीला तेल लावायच्या आधी आजी बोटाने तेलाचे थेंब जमिनीवर लावायची. तो त्याचा वाटा. आमच्या भागात नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं आजही सांगतात, की शूलपाणीच्या झाडीत एक फार उंच माणूस दिसला, वाट दाखवली आणि दिसेनासा झाला. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर शंकराच्या देवळात पहाटे कोणी पोचायच्या आत ताजं फूल वाहिलेलं असतं, असंही तिकडचे लोक सांगतात.

लहानपणी भीती वाटायची ती त्या जखमेची. आता चाळिशी ओलांडली आणि त्या जखमेपेक्षा त्याच्या मनाचा विचार जास्त येतो. आई-बाप गेले, मित्र गेले, शत्रूसुद्धा गेले. ज्यांचा सूड घेतला त्यांचे वंशज गेले. ज्या युद्धासाठी हे सगळं केलं, त्याची आता गोष्ट झाली आहे आणि ती गोष्टही लोक वेगवेगळी सांगतात. अशा माणसाला रोज सकाळी उठल्यावर काय वाटत असेल?

मग अशी न मरणारी पात्रं जिथे भेटतील तिथे मी वाचत गेले. सगळ्यांत हादरवलं ते जोनाथन स्विफ्ट या लेखकाच्या स्ट्रल्डब्रगांनी. त्याच्या गलिव्हरच्या प्रवासाच्या पुस्तकात (१७२६) लग्नॅग नावाच्या देशात ही माणसं भेटतात. जन्मतःच डाव्या भुवईच्या वर लाल ठिपका असतो, म्हणजे हे मूल मरणार नाही. गलिव्हर हरखून जातो. मी असा असतो तर किती शिकलो असतो, देशाचा जिताजागता इतिहास झालो असतो, असे मनोरथ रचतो. मग त्याला खरं कळतं. ही माणसं म्हातारी होत राहतात, फक्त मरत नाहीत. ऐंशीव्या वर्षी कायदा त्यांना मेलेलं धरतो, मालमत्ता वारसांकडे जाते. नव्वदीत दात, केस, चव, सगळं जातं आणि जवळच्या माणसांची नावं आठवत नाहीत. वाचनही करता येत नाही, कारण वाक्याच्या शेवटाशी येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भाषा बदलत जाते. दोनशे वर्षांनी शेजाऱ्याशी चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही. आपल्याच देशात परके होऊन राहतात. कोणाची अंत्ययात्रा दिसली की हळहळतात, की हा सुटला, आपल्याला ते ठिकाण नाही.

हे वाचताना मला आजीचा अश्वत्थामा दिसत होता. तुम्हाला भेटलेली अशी पात्रं कोणती? त्यांचं नेमकं काय मोडतं? स्मरण, इच्छा, की आणखी काही?

संथा

सातपुडीताई, विषय फार चांगला काढलात. मी शाळेत संस्कृत शिकवायचो, म्हणून मूळ काय आहे ते सांगतो. आपण सगळे अश्वत्थाम्याला अमर म्हणतो, सप्तचिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव त्याचंच आहे. पण महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्णाचा शाप 'त्रीणि वर्षसहस्राणि' असा आहे. तीन हजार वर्षं. म्हणजे शिक्षा मोजून दिलेली आहे.

आणि शापातलं पहिलं कलम जखमेचं नाहीच. पृथ्वीवर भटकशील, कुठेही, कोणाशीही, कधीही तुझा संवाद होणार नाही. निर्जन प्रदेशात एकटा फिरशील, माणसांत तुला जागा नसेल. त्यानंतर पू आणि रक्ताचा वास, सगळ्या व्याधी. त्याच्या कपाळावरचा मणी जन्मजात होता. तो असला की शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नसे. महाभारतात अश्वत्थामा तो स्वतः पांडवांच्या हवाली करतो. अर्जुनाने तलवारीने केसांसकट मणी काढला, असं भागवतात येतं. वाहती जखम आणि तेल ही भर पुढे लोकांनी घातली.

अजून एक. शाप ऐकल्यावर तो व्यासांकडे वळून म्हणतो, की मी तुमच्यासह माणसांत राहीन, यांचं बोलणं खरं होवो. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी थांबायचो. शाप कबूल करतानाही त्याने सोबत धरून ठेवायचा प्रयत्न केला. व्यासही चिरंजीवच ना.

सातपुडी

संथासर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. 'संवाद होणार नाही' हे पहिलं कलम असेल, तर मग आजीच्या गोष्टीतलं तेल निराळंच दिसायला लागतं. लोकांनी त्याला एक वाक्य दिलं. शापात तेवढी फट पाडली. दाराशी यायला कारण दिलं, आणि समोरच्याला "घे बाबा" म्हणायला.

किरमिजी

मी कॉलेजात आहे. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना अश्वत्थामा २०२४ मध्ये 'कल्की २८९८ एडी' या सिनेमात अमिताभ बच्चनमुळे भेटला. पण त्यात त्याच्यापुढे काम आहे, कल्कीच्या आईला वाचवायचं आहे. वाट पाहायला कारण असलं की माणूस टिकतो, असं मला त्यात दिसलं.

मला बोलायचंय ते मात्र फ्रीरेनबद्दल. जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा आहे, २०२० पासूनची, नंतर ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका आली. फ्रीरेन एल्फ आहे, म्हणजे माणसांहून कितीतरी जास्त जगणाऱ्या काल्पनिक जमातीतली, हजार वर्षांहून जास्त जगलेली. गोष्ट सुरू होते ती राक्षसराजाला हरवून परत येताना. चार जणांची दहा वर्षांची मोहीम संपली आहे. तिच्या हिशेबात दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. उल्का पाहायला पन्नास वर्षांनी भेटू म्हणते आणि खरंच पन्नास वर्षांनी येते. तोवर तिचा सोबती हिम्मेल म्हातारा झालेला असतो आणि थोड्याच दिवसांत जातो. अंत्यविधीच्या वेळी ती रडते. माणसाचं आयुष्य लहान असतं हे ठाऊक असून मी त्याला ओळखून का घेतलं नाही, असं म्हणते.

तिचं काही मोडलेलं नाहीये. ती कंटाळलेलीही नाही. तिचं माप चुकलं होतं, एवढंच. आणि मग सगळी गोष्ट ते माप दुरुस्त करण्याची आहे. मी हॉस्टेलवर पहिला भाग पाहिला आणि रात्री साडेअकराला घरी फोन लावला. बाबांनी घाबरून उचलला.

आडवाट

मला थोडं वेगळं वाटतं. एकटेपणा आहेच, पण मुळाशी कंटाळा आहे. इंग्लंडचे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांचा यावरचा निबंध प्रसिद्ध आहे, १९७३ च्या त्यांच्या संग्रहात आला. त्यांनी कारेल चापेक यांच्या १९२२ च्या चेक नाटकातली एलिना माक्रोपुलोस घेतली. तीनशेहून जास्त वर्षं जगलेली गायिका. विल्यम्स म्हणतात, माणसाला स्वभाव असतो. त्या स्वभावाच्या माणसाच्या आयुष्यात जे जे अर्थपूर्ण घडू शकतं, ते कधीतरी घडून संपतं. पुढे एकतर तेच ते, नाहीतर तू इतका बदलतोस की तो 'तू' राहत नाहीस. सोबत कितीही द्या, यातून सुटका नाही.

ययातीचं उलट. हजार वर्षं मुलाचं तारुण्य वापरून त्याला कळलं, की भोगाने इच्छा शमत नाही, तुपाने आग भडकावी तशी वाढते. म्हणजे एकीची इच्छा विझते आणि एकाची विझतच नाही. सुखी दोघंही नाहीत.

संथा

आडवाट, मुद्दा वजनदार आहे, पण मला तो पूर्ण पटत नाही. माझे वडील वारकरी होते. छत्तीस वाऱ्या केल्या. तीच वाट, तेच अभंग, तोच दिवे घाट, तोच विठोबा. सदतिसाव्या वर्षी पाय चालेनात, तर आषाढीला दिवसभर खिडकीशी बसून होते. कंटाळा हा शब्द त्यांच्या तोंडून त्याबाबतीत आला नाही. काही सुखं एकदा मिळून संपतात. काही दरवर्षी नवी होतात, कारण ती एकट्याची नसतात. तुकोबा मुक्ती नको म्हणतात, संतसंग मागतात आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा गर्भवास पत्करतात. न संपणारं एकच आयुष्य मात्र त्यांनी मागितलं नाही, हेही लक्षात घ्या.

आडवाट

सर, छत्तीस वाऱ्या आणि तीन हजार वाऱ्या यांत फरक पडेल असं मला अजूनही वाटतं. पण 'एकट्याची नसतात' यावर विचार करतो.

दूरदेशी

मी कामानिमित्त चार वर्षं चेक देशातल्या ब्रनोत आहे. चापेकच्या नाटकावर यानाचेक या चेक संगीतकाराने ऑपेरा केला, त्याचा पहिला प्रयोग १९२६ मध्ये याच गावात झाला. इथे तो आवर्जून होतो. मी पाहिला आणि तेव्हापासून माक्रोपुलोस डोक्यातून जात नाही. निबंधातून ती फक्त कंटाळलेली बाई वाटते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाप सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा वैद्य. सम्राटासाठी तीनशे वर्षं तारुण्य देणारं औषध करतो. सम्राट म्हणतो, आधी मुलीवर करून दाखव. ती सोळा वर्षांची. औषध पिऊन बेशुद्ध पडते, सम्राटाला फसवणूक वाटते, बाप तुरुंगात. मुलगी शुद्धीवर येते आणि औषधाच्या कृतीचा कागद घेऊन पळते. ही सुरुवातच लक्षात घ्या. तिने अमरत्व मागितलेलं नाही, बापाने तिच्यावर प्रयोग केला आहे. मग तीनशेवर वर्षं गावं बदलत, देश बदलत राहायचं, कारण म्हातारी होत नाही हे लोकांच्या लक्षात येतं. दरवेळी नाव बदलायचं. एलियन मॅकग्रेगर, युजेनिया मोंतेझ, एमिलिया मार्टी. आद्याक्षरं मात्र तीच ठेवते. इ. आणि एम. स्वतःचं तेवढंच तिने जपलं आहे.

आता औषधाचा परिणाम संपत आला आहे, म्हणून मध्यंतरी हातून गेलेला तो कागद परत मिळवायला ती प्रागला आली आहे. सगळ्यांशी थंड, तुसडी वागते. तिच्यापायी एक पोरगा जीव देतो, तर ती केस विंचरत राहते. आणि मग हाउक नावाचा एक भ्रमिष्ट म्हातारा येतो. पन्नास वर्षांपूर्वी स्पेनमध्ये त्याचं युजेनियावर प्रेम होतं. शहाण्या माणसांना जे दिसत नाही ते या वेड्याला दिसतं. तो तिला जुन्या नावाने ओळखतो. आणि ती विरघळते. त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलते, लाडाने हाक मारते. सगळ्या नाटकात तिच्यात जीव दिसतो तो तिथे.

नाटकात शेवटी क्रिस्टीना नावाची तरुण मुलगी तो कागद जाळते. चापेकने एलिनाला तिथे जिवंत ठेवलंय. यानाचेकने तिला मरण दिलं. कोसळताना ती देवाची प्रार्थना म्हणू लागते, आणि ती ग्रीकमध्ये. ती मुळात क्रीट बेटावरची. चेक प्रेक्षकांसमोर, चेक ऑपेरात, शेवटचे शब्द तिच्या लहानपणच्या भाषेतले. मी थिएटरमध्ये बसून 'शुभं करोति'चा विचार करत होतो. इथे मराठी बोलायला मला आठवड्यातून एकदा मिळतं, रविवारी आईशी.

मोडी

संवाद, नाव, भाषा यावर चर्चा आलीच आहे तर आपला चांगदेव कसा विसरलात? कथेप्रमाणे योगसामर्थ्याने चौदाशे वर्षं जगलेला, काळाला चुकवत राहिलेला. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसतो आणि मायन्यापाशीच अडतो. 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवतो. मुक्ताबाई म्हणते, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला.

आपण ही गोष्ट अहंकाराची म्हणून सांगतो. मला ती फार करुण वाटते. चौदाशे वर्षांत त्याच्या बरोबरीचं कोणी उरलं नाही, म्हणून कोणाला काय म्हणून हाक मारायची हेच त्याला कळेनासं झालं. सगळे त्याच्यापेक्षा लहान. आणि ज्ञानेश्वर त्या कोऱ्या कागदाला उत्तर देतात, पासष्ट ओव्या! पुढे चांगदेव मुक्ताबाईला गुरू करतो. शिकवणारी वयाने नात शोभावी अशी मुलगी. नवीन माणसाकडून शिकता आलं, तिथे त्याचं साचलेलं आयुष्य वाहतं झालं. आडवाट, विल्यम्सना हे उत्तर होऊ शकेल का?

आडवाट

मोडी, होऊ शकेल. स्वभाव बदलला तर तो 'तू' राहत नाहीस, असं विल्यम्स म्हणतात. चांगदेव बदलला आणि तरीही लोक त्याला चांगदेवच म्हणतात. माझा मुद्दा तेवढा मागे घेतो.

सातपुडी

हनुमानाचं राहिलं. उत्तरकांडात तो रामाकडे मागतो, की जोवर तुझी कथा पृथ्वीवर चालेल तोवर माझे प्राण राहोत. त्याने वर्षं मागितलीच नाहीत, ऐकणं मागितलं. आमच्याकडे रामायण वाचायला बसलं की मारुतीसाठी एक पाट रिकामा ठेवतात. एक चिरंजीव असा, की जिथे चार माणसं जमून बोलतात तिथे त्याला जागा आहे. दुसऱ्याला माणसांत जागा नाही. दोघंही त्याच श्लोकात. आणि बळी वर्षातून एकदा येतो, पाडव्याला, आपण रांगोळी काढतो त्याच्यासाठी. त्याची भेट ठरलेली आहे.

बकुळ

मी इथे फक्त वाचायला येते, पहिल्यांदाच लिहितेय. मी काही फार पुस्तकं वाचलेली नाहीत. माझी आजी शहाण्णव वर्षांची आहे. मी तिच्याबरोबर राहते. ऐकू बरं येतं, डोकं तल्लख आहे, खाणं आहे. लोक येतात, पाया पडतात, 'शंभरी गाठा' म्हणतात. ती हसते.

गेल्या श्रावणात तिची धाकटी बहीण गेली. आजीच्या भावंडांत उरलेली ती शेवटची. आजी रडली नाही. पण रात्री मला म्हणाली, "आता मला माझ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही." मला आधी कळलं नाही. तिचं नाव लग्नात बदललं, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सासरी ते नवं नाव, मग वहिनी, काकू, आई, आजी. माहेरचं नाव फक्त बहीण घ्यायची, फोनवर. ती गेली आणि ते नाव बोलण्यातून गेलं. रेशनकार्डावर नाही, आधारवर नाही.

तुम्ही वर ते इ. आणि एम. लिहिलंत, आणि त्या वेड्या म्हाताऱ्याने तिला जुन्या नावाने ओळखलं, ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

दूरदेशी

बकुळ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी इतकी पानं खरडूनही जे सांगू शकलो नाही, ते आजींनी एका वाक्यात सांगितलं.

किरमिजी

ताई, ते नाव तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही घ्या ना ते. नातीने आजीला एकेरी हाक मारणं विचित्र वाटेल, पण विचारून तर बघा.

संथा

बकुळ, पोरगी म्हणते ते करून पाहा. आजींना दुखावेल असं मला वाटत नाही. माझ्या आईची आई गेली तेव्हा आईसुद्धा असंच काहीसं म्हणाली होती. मी तेव्हा काम होतं म्हणून उठून गेलो.

बकुळ

आज सकाळी लिहितेय. काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती देवापाशी पाठमोरी बसली होती, वाती वळत. मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. फक्त ते नाव, पुढे आजी न लावता. नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

तिचे हात थांबले. मागे न बघताच म्हणाली, "कोण आलंय माहेरचं?" मी म्हटलं, मीच आहे. मग वळली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तेवढ्या जोरात नाही हाक मारायची. बहीण हळू मारायची, आणि शेवटचं अक्षर लांबवायची."

मी पुन्हा मारली, तशी.